सैल पट्ट्याची चाल

फिरायला जाण्याचं शिक्षण घरातच सुरू होतं. पट्टा हातात दिसला की कुत्रा उड्या मारतो, गोल गोल फिरतो. त्याच भरात पट्टा अडकवला, तर पहिल्याच पावलाला आपल्या खांद्याला हिसका बसतो. म्हणून चारही पाय जमिनीवर टेकेपर्यंत थांबायचं. उडी मारली की हात मागे, शांत झाला की हात पुढे. सुरुवातीचे काही दिवस यातच जातात. जाऊ द्यावेत.

आता ही जोडी पाहा. कुत्रा पुढे, माणूस मागे फरफटतोय. बघणारे म्हणतात, डोक्यावर बसलाय! पण कुत्र्याला कुरघोडी करायची नसते. माणूस तासाला साधारण ५ किलोमीटर चालतो, आणि मध्यम अंगाच्या कुत्र्याची दुडकी चाल त्याहून जलद असते. त्यात समोरच्या खांबाशी कुणाचा तरी ताजा वास. तो ओढतो, आपण चार पावलं त्याच्यामागे जातो, खांब हाती लागतो. ओढलं की मिळतं, हे आपणच त्याला रोज शिकवत असतो. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांवरचे प्रयोग मांडले, तेव्हा हेच दिसलं होतं: ज्या कृतीने हवं ते मिळतं, ती पुन्हा पुन्हा होते.

मग उलट हिसका द्यावा का? अजिबात नको. गळपट्ट्याच्या खाली श्वासनलिका आहे, थायरॉइड ग्रंथी आहे. गळपट्ट्याला ओढ बसली की कुत्र्याच्या डोळ्यांतला दाब वाढतो, असं २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा, घातल्यावर तो तसा वाढला नाही. छातीवर कडी असलेला हार्नेस घेतला, तर ओढणारा कुत्रा आपोआप बाजूला वळतो आणि जोर कमी पडतो. अर्थात हार्नेस शिकवत नाही, शिकवावं आपल्यालाच लागतं.

पट्टा दीड-दोन मीटरचा, साधा. आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा शिकवताना वापरू नये. त्याला सतत थोडा ताण असतो, त्यामुळे सैल म्हणजे काय हे कुत्र्याला कळतच नाही.

आता नजर पट्ट्याच्या कुत्र्याकडच्या टोकाला असलेल्या धातूच्या हुकावर ठेवा. पट्टा सैल असताना हुक खाली लोंबतो. ताण आला की आडवा होतो. आडवा झाला, आपले पाय थांबले. ओढायचं नाही, रागवायचं नाही, हाकही मारायची नाही. कुत्रा आणखी जोर लावतो. मग एक कान मागे वळतो. मान वळते. तो अर्धं पाऊल मागे येतो... हुक खाली आला! त्याच क्षणी ‘शाब्बास’, आणि खाऊ आपल्या मांडीजवळ. ही जागा महत्त्वाची आहे. हात पुढे करून भरवलं, तर तो पुढे पळायला शिकेल. आणि उशिरा दिलेला खाऊ कशाबद्दल होता, हे त्याला समजत नाही.

पहिल्या दिवसांत फाटकापासून कोपऱ्यापर्यंतच फेरी होईल. वेळ थोडा, पण मन लावून.

खाऊइतकंच मोठं बक्षीस म्हणजे हुंगणं. कुत्र्याचं जग नाकातून उलगडतं. पट्टा सैल ठेवून झाडापर्यंत आला, की ‘जा, हुंग’ म्हणावं आणि खरंच हुंगू द्यावं, घाई न करता. नुसतं पायाला चिकटून चालवणं म्हणजे फिरवणं नव्हे, असं मला ठामपणे वाटतं.

घोडं अडतं ते घरच्यांच्या वेगवेगळ्या नियमांपाशी. सकाळी एकजण थांबतो, संध्याकाळी दुसरा ओढत जाऊ देतो. अधूनमधून फळ मिळणारी सवय सुटायला सर्वांत अवघड. ज्या दिवशी वेळच नसेल, त्या दिवशी पट्टा हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला लावावा. छातीवरची कडी फक्त सरावासाठी ठेवली, की हळूहळू कुत्र्यालाही फरक कळतो.

आणि समोरून दुसरा कुत्रा आला तर? अंतर वाढवा. लांबून वळसा घ्या, रस्ता बदला. नेहमी झडप घालून खाणारा कुत्रा खाऊकडे बघतही नसेल, तर आपण फार जवळ आलो आहोत. तिथे शिकवणी बंद. मागे सरकायचं, तो पुन्हा खाऊ घेऊ लागेल इतकं लांब जायचं, आणि तिथून पुढचं पाऊल टाकायचं.