बाहेरचं युनिट कुठं बसवायचं?

मंडळी, एसी घेताना टन बघतो, स्टार बघतो, हप्ता बघतो. बाहेरच्या युनिटची जागा मात्र फिटरवर सोडतो, आणि तो शिडी टेकेल तिथं ब्रॅकेट ठोकतो. मग एप्रिलात भर दुपारी एसी बंद पडतो आणि बोल कंपनीला लावतो.

दीड टनी एसी खोलीतून सुमारे 5 किलोवॅट उष्णता उपसतो. कॉम्प्रेसर घेतो ती दीडएक किलोवॅट वीजही उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणजे भिंतीवर दोन किलोवॅटचे तीन गीझर एकदम चालू आहेत असं समजा. ही गरम हवा पुन्हा युनिटच्या पाठीत शिरली की गॅसचा दाब चढतो, करंट चढतो, गारवा कमी होतो आणि शेवटी ओव्हरलोड, म्हणजे जादा करंट-उष्णतेला तोडणारा संरक्षक स्विच, कॉम्प्रेसर बंद करतो.

सांगलीच्या गावभागातल्या बोळात हेच होतं. पंख्यासमोर मीटरभराच्या आतच शेजारची भिंत, तिच्यावर त्यांचंही युनिट. दोघं एकमेकांच्या तोंडावर गरम हवा फेकतात. अपार्टमेंटच्या डक्टमध्ये एकाखाली एक युनिटं असली तर खालच्यांची हवा वरच्याच्या वाट्याला येते. ओळखायचं कसं? एसी अर्धा तास चालू द्या. एक साधा थर्मामीटर युनिटच्या पाठीशी जाळीजवळ धरा, दुसरा लांब मोकळ्या सावलीत. पाठीमागं चार-पाच अंश जास्त दिसले तर जागा चुकली.

अंतरं मॅन्युअलमध्ये दिलेली असतात, तीच पाळा. साधारणपणे पाठीमागं निदान 10 ते 15 सेंटीमीटर, समोर मीटरभर मोकळं, आणि पाईप जोडतात त्या व्हॉल्व्हच्या बाजूला पाना फिरवून माणूस काम करू शकेल एवढी जागा. चोरीच्या भीतीनं बारीक जाळीचा पिंजरा करू नका. गजांत हाताएवढी फट ठेवा. सावली चांगली, पण पत्रा युनिटच्या डोक्याला चिकटवू नका. हळदीच्या गिरणीजवळ घर असेल तर त्या बाजूची भिंत टाळाच. पूड फिन्समध्ये, म्हणजे युनिटच्या पाठीच्या पातळ पत्र्यांच्या फटींत, बसते, दव-पावसानं ओली होऊन लेप धरते, आणि नुसत्या ब्रशनं निघत नाही.

आता सांगलीकरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. 2005, 2019, 2021, कृष्णेचं पाणी आपण बघितलंय. इन्व्हर्टर एसीचा महागडा पीसीबी (सर्किट बोर्ड) बाहेरच्या युनिटातच असतो. पाणी शिरलं की तो गेला, मोटरच्या बेअरिंगमध्ये गाळ बसला. तेव्हा पूरपट्ट्यात भिंतीवरची जुनी पुराची खूण शोधा आणि युनिट तिच्या वर घ्या, मग पाईप वाढला तरी चालेल.

पाईप वाढवण्याचेही नियम आहेत. किटमध्ये बहुधा 3 मीटर तांब्याचा पाईप येतो. त्यापुढं किती लांबी आणि उंचीतला किती फरक चालतो, दर मीटरला किती ग्रॅम गॅस वाढवायचा, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. गॅस वजनकाट्यावरच भरून घ्या. युनिट गच्चीवर नेलं तर कॉम्प्रेसरचं तेल सक्शन पाईपमधून (खोलीतून गॅस परत नेणाऱ्या जाड पाईपमधून) वर चढून परत यावं लागतं. मॅन्युअल सांगेल तिथं ऑइल ट्रॅपचं, म्हणजे तेल साठून वर ढकललं जाईल असं, यू आकाराचं वळण द्या.

ब्रॅकेट पॅरापेटच्या चार इंची भिंतीवर नको. नऊ इंची वीटकामात किंवा काँक्रीटमध्ये अँकर फास्टनर मारा, पायांखाली रबर पॅड घाला. आणि फिटर भोक पाडण्याआधी एवढंच विचारा: पुढच्या वर्षी धुवायला येणारा माणूस उभा कुठं राहणार? खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळून, असं उत्तर आलं तर ब्रॅकेट तिथं मारू देऊ नका.