पासवर्ड बरोबर आहे, तरी सर्व्हर आत का घेत नाही?

नमस्कार मंडळी. समजा, डीटीपीचं एक छोटं ऑफिस आहे. डिझाइनला दोन मॅक, बिलिंगला तीन-चार विंडोजची मशीन आणि कोपऱ्यात लिनक्सवर सांबा (लिनक्सवरचे फोल्डर विंडोज आणि मॅकला वापरू देणारा प्रोग्रॅम) चालवणारा फाइल सर्व्हर. मॅकवरून शेअर्ड फोल्डर उघडतो, विंडोजवरून उघडत नाही. पासवर्ड टाकला की तोच बॉक्स पुन्हा समोर. मग कोणीतरी वैतागून सर्व्हरवरचा पासवर्ड बदलतं, आणि मॅकवरूनही फोल्डर उघडायचा बंद होतो.

म्हणून पासवर्डला हात लावायच्या आधी दोन प्रश्न वेगळे करा. आपण नक्की कुठल्या मशीनशी बोलतोय? आणि ते मशीन आपल्याला कोण समजतंय? पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याकडे वळायचं नाही.

तर पहिला प्रश्न. विंडोजच्या ‘नेटवर्क’मध्ये सर्व्हर दिसत नाही म्हणजे तो बंद आहे, असं समजू नका. पूर्वी ती यादी एसएमबी-१च्या जोरावर बनायची. एसएमबी म्हणजे नेटवर्कवर फाइल शेअर करायचा प्रोटोकॉल, आणि ही त्याची पहिली आवृत्ती. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय या व्हायरसने जो धुमाकूळ घातला तो याच जुन्या प्रोटोकॉलमधून, आणि त्याच वर्षी आलेल्या विंडोज १०च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलमध्ये एसएमबी-१चा सर्व्हर येतच नाही. आता विंडोज ती यादी डब्ल्यूएस-डिस्कव्हरी या दुसऱ्या शोधपद्धतीने बनवतं. सांबाला ती भाषा येत नाही, त्यासाठी सर्व्हरवर डब्ल्यूएसडीडी नावाचा वेगळा प्रोग्रॅम टाकावा लागतो. मॅक सर्व्हर शोधतो बोंजूर या ॲपलच्या पद्धतीने. एकाच सर्व्हरला हाक मारायच्या या वेगवेगळ्या रीती आहेत, त्यामुळे एकीकडे दिसतो आणि दुसरीकडे दिसत नाही, यात नवल काही नाही.

आता स्क्रीनकडे बघा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून मी सर्व्हरच्या नावाला पिंग करतेय, म्हणजे त्या नावाने हाक मारून उत्तर कुठून येतं ते बघतेय. उत्तर येतंय १९२.१६८.१.४० वरून. सर्व्हरवर जाऊन त्याचा स्वतःचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बघितला, तर तो आहे १९२.१६८.१.१०. म्हणजे इतका वेळ आपण पासवर्ड देत होतो तो दुसऱ्याच मशीनला! असं बरेचदा होतं. जुना सर्व्हर बदलून नवा आणलेला असतो, नाव तेच ठेवलेलं असतं, आणि राउटरमध्ये किंवा होस्ट्स फाइलमध्ये (कुठल्या नावाचा आयपी कुठला, ते लिहिलेली फाइल) जुनी नोंद तशीच राहिलेली असते. कधी जुनं मशीन बॅकअपसाठी म्हणून चालूच असतं.

नावाच्या लांबीकडेही लक्ष द्या. नेटबायोस या मशीनना नाव द्यायच्या जुन्या पद्धतीत नाव १५ अक्षरांच्या पुढे जात नाही, पुढचं कापलं जातं. आधी कंपनीचं लांबलचक नाव आणि शेवटी ‘डिझाइन’ किंवा ‘अकाउंट्स’ अशी नावं दिलीत, तर कापल्यावर दोन्ही सर्व्हर एकाच नावाचे होऊन बसतात. नाव छोटं ठेवा आणि सर्व्हरचा आयपी राउटरमध्ये कायमचा बांधून टाका.

मशीन तेच आहे, खात्री झाली? मग आता लॉगिन.

विंडोज सुरू करताना तुम्ही पिन टाकता. तो पिन फक्त त्या मशीनपुरता असतो, सर्व्हरला तो चालत नाही. दुसरं म्हणजे, सांबाची पासवर्डची वही लिनक्सच्या वहीपासून वेगळी असते. लिनक्सवर युजर काढला म्हणून तो सांबात आपोआप येत नाही. ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ ही कमांड ‘मायनस ए’ आणि युजरचं नाव देऊन चालवायची, तेव्हा तो सांबात जातो.

आता ज्यावर लोकांचा सगळ्यात जास्त वेळ जातो ती गोष्ट. डेबियन आणि उबुंटूवर सांबाच्या सेटिंगमध्ये ‘मॅप टू गेस्ट’समोर ‘बॅड युजर’ लिहून येतं. त्याचा परिणाम असा, की युजरनेममध्ये एक अक्षर चुकलं तर सांबा नकार देत नाही, गुपचूप गेस्ट, म्हणजे पासवर्ड नसलेला पाहुणा, म्हणून आत घेतो. सर्व्हर उघडतो, फोल्डरांची नावं दिसतात आणि फोल्डरवर क्लिक केलं की परवानगी नाही! माणूस मग तासभर फोल्डरच्या परमिशन बदलत बसतो. त्याऐवजी सर्व्हरवर ‘एसएमबीस्टेटस’ चालवा, कोण कुठल्या नावाने आत आलंय ते ही कमांड दाखवते. हे बघा, युजरच्या रकान्यात नाव आहे ‘नोबडी’, म्हणजे गेस्ट. परमिशनचा काही दोष नाही, तुम्ही तुमच्या नावाने आत आलेलाच नाही आहात.

विंडोजवर १२१९ नंबरची एरर आली, तर त्याच सर्व्हरशी दुसऱ्या युजरनेमने आधीच एक कनेक्शन चालू आहे. एका सर्व्हरला एका वेळी एकच ओळख, असा विंडोजचा नियम आहे. ‘नेट यूज, स्टार, स्लॅश डिलीट’ने सगळी कनेक्शन तोडा (आधी उघड्या फाइल सेव्ह करा), क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) जुनी नोंद काढा आणि युजरनेम लिहिताना पुढे सर्व्हरचं नाव व बॅकस्लॅश लावा. घाई असेल तेव्हा नावाऐवजी आयपीने जोडून बघा, विंडोज त्याला वेगळा सर्व्हर समजतं. मॅकवर जुना पासवर्ड कीचेन या पासवर्ड साठवायच्या जागेत असतो. तो तिथून काढा आणि फाइंडरमध्ये कमांड-के दाबून पत्ता स्वतः टाइप करा.

उलटा प्रकारही होतो, मॅकवरचा फोल्डर विंडोजला हवा असतो. तेव्हा मॅकच्या फाइल शेअरिंगच्या ऑप्शन्समध्ये ‘विंडोज फाइल शेअरिंग’खाली त्या युजरसमोर टिक करावी लागते. ती टिक करायची राहून गेली, तर पासवर्ड कितीही बरोबर असला तरी उपयोग नाही.

आणि ज्यांचं सगळं नीट चालू होतं आणि विंडोज ११ प्रो २४एच२वर गेल्यावर बंद पडलं, त्यांच्यासाठी. या आवृत्तीत एसएमबी सायनिंग, म्हणजे प्रत्येक निरोपावर सही करणं, सक्तीचं आहे आणि गेस्ट लॉगिन बंद. सायनिंगची किल्ली तयार होते पासवर्डवरून. गेस्टला पासवर्डच नसतो, मग सही कशाने करणार? इंटरनेटवर ही सेटिंग्ज परत सैल करायच्या युक्त्या सापडतील, पण कृपा करून त्या वापरू नका. क्लायंटच्या फाइल असलेल्या सर्व्हरला पासवर्डशिवाय उघडं ठेवणं बरोबर नाही. ऑफिसात पाच माणसं असतील तर सांबात पाच युजर काढा, प्रत्येकाला त्याचा पासवर्ड द्या आणि ‘मॅप टू गेस्ट’समोर ‘नेव्हर’ लिहून सांबा रीस्टार्ट करा.