ॲझ्टेक घराच्या मागचा उकिरडा काय सांगतो?

नमस्कार. पडद्यावर दिसणारी भाजलेल्या मातीची ही चकती जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर रुंद असून तिच्या मधोमध एक भोक आहे. ही टकळीची चकती आहे. मेक्सिकोतील ॲझ्टेक काळातील घरांच्या उत्खननात अशा चकत्या इतक्या सर्रास सापडतात, की सामान्य माणसाच्या संसाराची गोष्ट देवळापासून नव्हे, तर हिच्यापासूनच सुरू करायला हवी.

ॲझ्टेक म्हटले की आपल्याला तेनोच्तित्लान या राजधानीची उंच देवळे आणि तिथले नरबळी आठवतात, कारण स्पॅनिश सैनिकांनी आणि धर्मगुरूंनी मुख्यतः राजधानीविषयी आणि तिथल्या उमरावांविषयी लिहून ठेवले. डोंगरउतारावर शेती करणारे कुटुंब त्यांच्या लेखनात फारसे येत नाही. ते येते ते जमिनीतून. 1986 मध्ये मायकल स्मिथ आणि सिंथिया हीथ-स्मिथ या पुरातत्त्वज्ञांनी मेक्सिकोच्या मोरेलोस राज्यात, शोचिकाल्कोच्या प्राचीन अवशेषांजवळ, कापिल्को नावाचे एक खेडे आणि क्वेशकोमाते नावाचे त्याहून बरेच मोठे गाव खणायला घेतले. तिथली माती इतकी धुपून गेली होती, की घरांच्या पायाचे दगड ठिकठिकाणी उघडेच पडले होते.

ही घरे लहान होती: दगडी पाया, त्यावर कच्च्या विटांच्या भिंती आणि आत सरासरी सुमारे 15 चौरस मीटर जागा. आजच्या हिशेबाने ही एक बेताची खोली झाली; पण एवढ्यावरून त्या कुटुंबाला दरिद्री ठरवणे घाईचे होईल, कारण दिवसाची बरीचशी कामे बाहेर अंगणातच चालत. क्वेशकोमातेत अनेक घरे एकाच अंगणाभोवती बांधलेली आढळतात. ॲझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत कुटुंबासाठी जे शब्द आहेत, त्यांपैकी एकाचा अर्थच मुळी ‘एका अंगणातले’ असा होतो.

खरा ऐवज मात्र भिंतींबाहेर, उकिरड्यात होता. मका दळायच्या दगडी पाट्या-वरवंट्यांचे तुकडे आणि मक्याच्या भाकरी भाजायच्या मातीच्या तव्यांची खापरे तिथे सापडावीत, हे अपेक्षितच होते. त्यांच्याबरोबर ऑब्सिडियन या ज्वालामुखीय काचेची पाती निघाली. त्यांतील हिरवट झाक असलेली काच पाचुकाजवळच्या खाणींतली, म्हणजे दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतरावरून आलेली होती, आणि हा सगळा प्रवास माणसांच्या पाठीवरून झालेला होता, कारण ओझ्याची जनावरे त्या प्रदेशात नव्हतीच. परगावची रंगवलेली भांडी आणि काशाच्या सुयाही मिळाल्या. विशेष म्हणजे परदेशी म्हणावा असा हा माल उमरावाच्या वाड्यापुरता मर्यादित नव्हता. तो साध्या घरांतही पोहोचला होता. माझ्या मते या उत्खननाचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष हाच आहे: ही माणसे सरकारी कोठाराच्या वाटपावर जगत नव्हती, तर बाजारात जाऊन आपल्या पसंतीने खरेदी करत होती.

त्यासाठी लागणारे चलन कुठून येई, याचे उत्तर आपल्या चकतीत आहे. मोरेलोसच्या उष्ण खोऱ्यांत कापूस पिकतो. राजधानी जिथे होती त्या उंचावरच्या मेक्सिको खोऱ्यात तो पिकत नाही. घरोघरी बायका सूत कातत आणि कापड विणत. त्याच कापडातून राजाचा कर भरला जाई आणि त्याच कापडावर बाजारात मालही मिळे. मॅगे या घायपातासारख्या वनस्पतीच्या जाड तंतूसाठी मोठी, जड चकती लागते. कापसाचा नाजूक धागा तिच्या वजनाने तुटतो, म्हणून ही चकती एवढीशी. टकळी जमिनीवर न फिरवता एका छोट्या वाटीत टेकवून फिरवत, आणि अशा वाट्याही त्याच उकिरड्यांत सापडल्या आहेत.

आता एक वेगळाच ढीग पाहू. रोजचा कचरा थोडा थोडा साचतो आणि त्यातली खापरे बारीक झालेली असतात. काही ठिकाणी मात्र मोठमोठ्या तुकड्यांची, जोडली तर जवळपास पूर्ण होतील अशी भांडी एकाच वेळी फेकलेली दिसली. दर 52 वर्षांनी कालचक्र पूर्ण झाले, की सगळे विस्तव विझवून, घरातली भांडीकुंडी टाकून देऊन, नवा अग्नी येण्याची वाट पाहत, असे स्पॅनिश काळातील वृत्तांत सांगतात. पुरातत्त्वज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच अशा ढिगांचा या विधीशी संबंध जोडला होता, आणि क्वेशकोमातेच्या ढिगांसाठीही तोच अर्थ सर्वांत पटणारा ठरतो. असा शेवटचा विधी 1507 मध्ये झाला. पुढची पाळी 1559 ची होती. तोवर तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडून 38 वर्षे उलटली होती.