मेंढपाळांना आधी विचारलं असतं तर?

नमस्कार. विज्ञान-तंत्रज्ञानाचे निर्णय घेताना सामान्य लोकांना कधी आणि कसं विचारायचं, हा आजचा विषय. त्यासाठी थेट एका डोंगरावर जाऊ.

एप्रिल १९८६. चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला. मे उजाडला आणि वायव्य इंग्लंडमध्ये, कंब्रियाच्या डोंगरांवर धो धो पाऊस पडला. त्या पावसातून किरणोत्सारी सीझियम खाली आलं, गवतावर बसलं, गवतातून मेंढ्यांच्या अंगात गेलं. जूनमध्ये सरकारनं मेंढ्या हलवायला आणि कापायला बंदी घातली. सांगितलं, तीन आठवड्यांचा प्रश्न आहे.

शेवटच्या शेतावरची बंदी उठली २०१२ साली. म्हणजे २६ वर्षांनी!

हिशेब कुठे चुकला? सीझियम चिकणमातीला घट्ट धरून बसतं, ते पुन्हा गवतात चढत नाही, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होतं आणि ते खरंही आहे. पण या डोंगरांवर चिकणमाती नव्हती. तिथली माती काळी, पाणथळ, आम्लधर्मी, कुजलेल्या झाडपाल्याची. तिच्यात सीझियम मोकळंच राहतं. गवत ते पुन्हा पुन्हा ओढून घेतं आणि मेंढी ते पुन्हा पुन्हा खाते.

मला खरी टोचते ती पुढची गोष्ट. बेंटोनाइट नावाचं सीझियम शोषणारं खनिज जमिनीवर पसरायचं आणि मेंढ्यांवर काय परिणाम होतो ते मोजायचं, असा प्रयोग झाला. त्यासाठी मेंढ्या कुंपणात कोंडल्या. मेंढपाळांनी आधीच सांगितलं होतं की ही उघड्या डोंगरावर चरणारी जनावरं आहेत, कोंडली की खंगतात, मग तुमच्या मोजमापाला अर्थ काय? कुणी ऐकलं नाही. पुढे प्रयोग गुंडाळावा लागला, आणि कारण तेच निघालं. ब्रायन विन या समाजशास्त्रज्ञानं त्या शेतकऱ्यांशी बोलून हे सगळं नोंदवून ठेवलंय.

म्हणून लोकसहभागाच्या नावाखाली नुसती 'जनजागृती' चालते तेव्हा मला राग येतो. लोकांना कळत नाही म्हणून ते विरोध करतात, नीट समजावलं की गप्प बसतील, हे त्यामागचं गृहीतक. त्या डोंगरावर न कळणारी बाजू कोणती होती?

आणि विचारायचं तर कधी? तंत्रज्ञान आणि समाज यांचे अभ्यासक डेव्हिड कॉलिंग्रिज यांनी १९८० मध्ये हा पेच मांडला. तंत्रज्ञान नवं असतं तेव्हा ते वळवता येतं, पण त्याचे परिणाम दिसत नाहीत. परिणाम दिसू लागतात तोवर पैसा, कारखाने, सवयी सगळं त्यात अडकलेलं असतं. सगळं ठरल्यावर घेतलेली सुनावणी म्हणूनच मला लोकांची फसवणूक वाटते.

डेन्मार्कनं १९८७ साली वेगळा रस्ता धरला, सामान्य नागरिकांच्या परिषदेचा. पहिल्या परिषदेचा विषय होता उद्योग आणि शेतीतलं जनुक तंत्रज्ञान. तिथल्या पद्धतीत पंधराएक सामान्य नागरिक आधी दोन शनिवार-रविवार बसून विषय समजून घेतात. प्रश्न तेच ठरवतात. तज्ज्ञ समोर येतात आणि सगळ्यांदेखत उत्तरं देतात. मग नागरिक एकत्र बसून स्वतःच्या शब्दांत अहवाल लिहितात आणि वाचून दाखवतात. तज्ज्ञांना त्यातली माहितीची चूक दुरुस्त करता येते, मताला हात लावता येत नाही. त्या पहिल्या परिषदेनंतर डॅनिश संसदेनं जैवतंत्रज्ञानाच्या संशोधन कार्यक्रमातून प्राण्यांवरच्या जनुकीय प्रकल्पांना पैसे द्यायचे नाहीत असं ठरवलं.