सुरी बाजूला ठेवणारा सर्जन

नमस्कार श्रोतेहो. कॅन्सरचा सर्जन म्हटलं की आपल्याला आठवते ती सुरी. आज मात्र अशा सर्जनबद्दल बोलू, ज्यांचं सगळ्यात मोठं काम ऑपरेशन थिएटरबाहेर झालं.

डेनिस बर्किट. लहानपणीच अपघातात एक डोळा गेलेला, तरी सर्जन झाले. 1957 साली ते युगांडात, कंपालाच्या मुलागो रुग्णालयात होते. सहकाऱ्याने एक मूल दाखवलं. जबडा दोन्हीकडून, वर-खाली सुजलेला, दात हलताहेत. जंतुसंसर्ग म्हणावा, तर एकदम चार ठिकाणी कसा? कोडं सुटेना. पुढे काही आठवड्यांनी ते जिंजाच्या रुग्णालयात होते. सहज खिडकीबाहेर नजर गेली, तर आईजवळ आणखी एक मूल, चेहरा अगदी तसाच! बर्किट तडक बाहेर गेले, मुलाचं पोट चाचपलं, तर पोटातही गाठी. हा संसर्ग नव्हता, कॅन्सर होता; पुढे त्याला बर्किट लिम्फोमा हे नाव पडलं.

हात लावून पाहिलं म्हणून कळलं. पुन्हा सांगतो, हात लावून पाहिलं! हल्ली आपण खुर्चीत टेकायच्या आत फाइल पुढे सरकवतो आणि डॉक्टरही स्क्रीनकडेच बघतात. स्कॅन हवाच हो, पण पोट तपासायला असा किती वेळ लागतो? असो.

मग बर्किटनी फोटो छापलेली पत्रकं आफ्रिकाभर रुग्णालयांना धाडली. असं मूल तुमच्याकडे आलंय का? उत्तरं येतील तशा नकाशावर खुणा होत गेल्या. 1961 मध्ये दोन डॉक्टर मित्रांसह जुन्या फोर्ड गाडीतून ते सुमारे 10,000 मैल फिरले. आजार उष्ण, पावसाळी, सखल भागात सापडे, उंचावरच्या थंड भागात नाही. म्हणजे जवळपास मलेरियाचाच पट्टा. त्याच वर्षी लंडनमधल्या त्यांच्या व्याख्यानाला अँथनी एपस्टाइन हे संशोधक आले होते. त्यांनी गाठींचे तुकडे मागवून घेतले आणि 1964 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू दिसला, एपस्टाइन-बार. माणसाच्या कॅन्सरशी नातं जुळलेला हा पहिला विषाणू.

आणि खरी गंमत पुढेच आहे. ही गाठ कापून उपयोग नाही, हे ओळखून या सर्जनने औषधं दिली. काही मुलांच्या गाठी थोड्याच डोसांत विरघळल्या. कुठे कापायचं नाही, हेही सर्जननेच ठरवायचं असतं.

बोलता बोलता वेळ संपत आला, तेव्हा कापायचं कसं ते थोडक्यात. सर्जन गाठीभोवतीचा थोडा निरोगी भागही काढतात. काढलेल्या तुकड्याला दिशा कळण्यासाठी टाके घालतात, कडांना शाई लावतात. पॅथॉलॉजिस्टना, म्हणजे तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या डॉक्टरांना, शाईपाशी कॅन्सरच्या पेशी दिसल्या, तर मार्जिन, म्हणजे कड, पॉझिटिव्ह: कॅन्सर आत थोडा उरला असण्याची शक्यता. मग पुन्हा ऑपरेशन किंवा रेडिएशनचा विचार होतो. ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ या ऐकीव गोष्टीपायी बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणं, मात्र टाळू नका. आणि ऑपरेशननंतरचा रिपोर्ट आला की दोन गोष्टी विचारा: मार्जिन काय आहे, आणि लसिका ग्रंथी, म्हणजे कॅन्सर पसरताना बरेचदा आधी जिथे पोहोचतो ते लिम्फ नोड, किती तपासल्या. मार्जिन आणि ग्रंथी. नमस्कार.