पुढच्या दिवाळीलाही लागेल असं शुभेच्छापत्र

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी जवळ आली की आपल्या इंदुरात राजवाड्याच्या आसपास पणत्यांचे ढीग लागतात आणि महाराणी रोडवर रोषणाईच्या माळा दुकानांच्या दारात लोंबू लागतात. त्या माळा घरोघरी लागतील आणि लागायलाच हव्यात. मी मात्र आज अगदी छोट्या उजेडाबद्दल बोलणार आहे. शुभेच्छापत्राच्या घडीत मावेल एवढाच तो. पत्र उघडलं की कागदावरची पणती लागते, मिटलं की मालवते. आणि हे सगळं घरच्या टेबलावर, कात्री आणि चिकटपट्टीनं होतं.

असं पत्र विकतही मिळतं. उघडलं की लुकलुकतं, गाणं वाजवतं. पण त्याच्या पोटातला सेल संपला की ते गप्प होतं, आणि फाडल्याशिवाय सेल बदलता येत नाही. मग चांगला जाड कागद, एक चांगली चिप आणि एक सेल, तिन्ही एकदम कचऱ्यात जातात. म्हणून घरी पत्र करणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे, की ते उघडता येईल असंच करा. आतली वाट दिसू दे. सेल काढता येऊ दे.

आता सामान सांगते. महाराणी रोडला किंवा जेल रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात जा आणि ‘बीस-बत्तीस’ मागा, दुकानदार लगेच समजतो. तो सीआर २०३२ नावाचा, नाण्यासारखा चपटा सेल. नावातच त्याचं माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. दाब ३ व्होल्ट. त्याबरोबर पाच-सहा पांढरे एलईडी घ्या, ३ मिलिमीटरचे मिळाले तर उत्तम, आणि तांब्याची चिकटपट्टी, पाच-सहा मिलिमीटर रुंदीची. पट्टी मिळाली नाही तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल कापून चिकटवता येते, पण तिला नेहमीचं झाळकाम, म्हणजे सोल्डरिंग, धरत नाही आणि सांधे लवकर सैल होतात. थोडे पैसे जास्त गेले तरी तांबंच घ्या.

हाताशी कागद-पेन्सिल असेल तर माझ्याबरोबर काढत चला. जाड कार्डाची मधोमध घडी घाला. आतल्या उजव्या पानावर पणतीचं चित्र काढा आणि ज्योतीच्या टोकाला सुईनं दोन भोकं पाडा. तिथे एलईडी बसेल. आता पान उलटा आणि पाठीवर, खालच्या कोपऱ्यात सेलची जागा आखा. तिथे क्लिपनं बंद होणारा कागदी कप्पा करा, एक रेघ सेलच्या खाली येईल आणि दुसरी वरून टेकेल असा. तिथून एक रेघ ज्योतीच्या एका भोकाकडे न्या आणि दुसऱ्या भोकाकडून दुसरी रेघ परत सेलकडे आणा. दोन्ही रेघा कुठेही एकमेकींना शिवता कामा नयेत. हाच तुमचा मंडल, म्हणजे सर्किट, आणि याच रेघांवर तांब्याची पट्टी चिकटवायची आहे.

इथे घाई करू नका, कारण बहुतेक पत्रं कोपऱ्यावरच अडतात. रेघ जिथे वळते तिथे पट्टी कापून दुसरा तुकडा वर चिकटवावा असं वाटतं. पण पट्टीच्या पाठीचा डिंक पुष्कळदा वीज नेत नाही. वरून जोड घट्ट दिसतो आणि आत वाट तुटलेली असते. म्हणून पट्टी कापायची नाही, दुमडायची. आधी उलट दिशेला घडी घाला, मग हव्या त्या बाजूला वळवा आणि नखानं दाबून सपाट करा. तुकडा जोडावाच लागला तर त्याचं टोक आत दुमडा, म्हणजे तांबं तांब्याला लागेल. सोल्डरिंग आयर्न असेल तर तिथे सोल्डरचा एक थेंब पुरतो. फक्त टोक कागदावर रेंगाळू देऊ नका, खिडकी उघडी ठेवा आणि काम झाल्यावर हात धुवा.

एलईडीला दोन पाय असतात. लांब पाय धन, आखूड पाय ऋण. पाय कापले की ही खूण जाते, म्हणून कापण्याआधीच लांब पायाला पकडीनं गोल वेटोळं द्या आणि आखूड पाय काटकोनात वळवा. म्हणजे गोल दिसलं की धन. पाय पट्टीवर सपाट बसवून वरून पट्टीचाच छोटा तुकडा दाबला की झालं. उलटा बसला तर एलईडी लागणार नाही, पण एवढ्याशा सेलवर तो बिघडणारही नाही. फिरवून लावा.

बटण वेगळं घ्यायला नको. पत्राच्या घडीलाच बटण करता येतं. एक रेघ घडीपाशी तोडून ठेवा आणि समोरच्या पानाच्या पाठीवर पट्टी लावलेली कागदाची एक जीभ अशी चिकटवा, की पान पूर्ण उघडल्यावर ती घडी ओलांडून त्या तुटलेल्या जागेवर येऊन टेकेल. थोडं जमवावं लागतं. कोपरा दुमडून केलेलं बटणही चालतं: कोपरा दाबला की ज्योत लागते. लहान मुलांना हे दुसरं जास्त आवडतं, कारण लावायचं त्यांच्या हातात राहतं.

आता रंगांबद्दल. एक लाल आणि एक पांढरा एलईडी एकाच सेलवर शेजारी-शेजारी जोडून बघा. लाल लागेल आणि पांढरा रुसून बसेल. पांढरा बिघडलेला नसतो. लाल एलईडीला दोन व्होल्टच्या आसपास पुरतात, पांढऱ्याला तीनच्या आसपास लागतात. लाल पेटला की तो या छोट्या सेलचा दाब खाली ओढून धरतो आणि पांढऱ्याच्या वाट्याला पुरेसा येत नाही. लालच्या वाटेत प्रवाहाला आवर घालणारा ४७० ओहमचा रोध (रेझिस्टर) घातला, म्हणजे पिवळ्या, जांभळ्या आणि तपकिरी पट्ट्यांचा, की पांढराही दिसू लागतो. दोन्ही रंग तुमच्या लहानपणच्या रेडिओवर का नव्हते, त्याचं मूळही इथेच आहे. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्येच केला होता. पांढऱ्यासाठी आधी प्रखर निळा जमावा लागला, आणि तो १९९० च्या दशकात आला. त्या निळ्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या पत्रातली इवलीशी पांढरी ज्योत त्या कामातूनच आलेली आहे.

तरीही मी सांगेन, सगळे एलईडी पांढरेच घ्या आणि रंग कागदाला देऊ द्या. आकाशकंदील करताना पतंगी कागद लावतोच ना आपण? एलईडीचा थेट उजेड डोळ्यांत खुपतो. पतंगी कागदातून आला की तो पसरतो, केशरी होतो, आणि पणती खरी वाटू लागते.

झाडाला, खिडकीला किंवा तोरणात टांगायचा छोटा कंदील करायचा असेल तर त्यात एक गंमत घालता येते. अंधार पडला की तो आपणहून लागतो. त्याला बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर, १०० किलोओहमचा रोध आणि एलडीआर, म्हणजे उजेडाप्रमाणे रोध बदलणारा भाग, एवढं पुरतं. बेस, एमिटर आणि कलेक्टर हे ट्रान्झिस्टरचे तीन पाय. रोध सेलच्या धन टोकापासून ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडा आणि एलडीआर बेसपासून ऋण टोकाला. एमिटरही ऋण टोकाला. एलईडीचा धन पाय सेलच्या धन टोकाला आणि ऋण पाय कलेक्टरला. दिवसा एलडीआरचा रोध कमी असतो, तो बेसचा प्रवाह स्वतःकडे ओढतो आणि एलईडी बंद राहतो. तिन्हीसांजेला त्याचा रोध वाढतो, प्रवाह बेसकडे वळतो आणि कंदील लागतो. एलडीआरचं तोंड मात्र बाहेर ठेवा. एलईडीचाच उजेड त्याच्यावर पडला तर त्याला दिवस उगवल्यासारखं वाटतं आणि ज्योत मंदावते.

सणाला विजेचे दिवे हातानं गुंफण्याची ही हौस जुनी आहे. १८८२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरच्या नाताळच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे मिळून ८० दिवे तारांनी जोडले होते. आणि आपल्याच शहरात बघा: हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या मिलच्या कामगारांनी अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, उभ्या केल्या. मिल बंद पडल्या तरी झांक्या निघतच राहिल्या. लाकूड, कापड, तार आणि दिवे यांतून चालतं-बोलतं चित्र उभं करणारे हात या गावात कमी नाहीत. त्यांच्या नातवंडांना एक पत्र काय जड आहे?

आता सगळ्यात गंभीर गोष्ट, आणि ती कृपा करून घरातल्या सगळ्यांना ऐकवा. हा नाण्यासारखा सेल लहान मुलानं गिळला तर तो अन्ननलिकेत अडकू शकतो, आणि दोन तासांतच आतून गंभीर भाजू शकतं. असा संशय जरी आला तरी उलटी करवू नका, ‘बघू सकाळी’ म्हणू नका, तडक रुग्णालय गाठा. ज्या घरी रांगणारं बाळ आहे तिथे हा सेल वापरूच नका. त्याऐवजी स्क्रूनं बंद होणाऱ्या झाकणाची, दोन पेन्सिल सेलची डबी घ्या. तिच्यावर प्रत्येक एलईडीला रोध हवा, कारण मोठे सेल प्रवाहाला आवर घालत नाहीत.

एका सेलवर किती वेळ चालेल? त्याची साठवण साधारण २२० मिलीॲम्पियर-तास. तीन एलईडी मिळून सहा मिलीॲम्पियर घेत असतील तर कागदावरचं गणित छत्तीस तासांचं येतं. खरं तेवढं मिळत नाही, कारण हा सेल अगदी थोडा थोडा प्रवाह देण्यासाठी घडवलेला आहे. पण उघडलं की लागणाऱ्या पत्राला अख्खी दिवाळी सहज पुरते. संपलेला सेल मात्र ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचा नाही. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो वेगळा ठेवा. आपल्या कचरागाडीला अशा घातक आणि इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासाठी निराळे कप्पे आहेत, त्यात द्या.

पुण्या-मुंबईच्या नातलगांना पत्र धाडणार असाल तर लिथियम सेलवर टपालात निर्बंध असतात हे लक्षात ठेवा. सेल काढून पाठवा, त्यांना तिथे मिळेल. आणि म्हणूनच पत्राच्या पाठीवर, तुमच्या नावाच्या खाली, बारीक अक्षरात एवढं लिहा: ‘सेल सीआर २०३२, धन बाजू वर. कोपऱ्यातली क्लिप काढली की कप्पा उघडतो. सेल मुलांपासून दूर ठेवा.’

नमस्कार.