आपण पटांगणाबाहेर थांबायचं

(नाशिकमधील एका पालक मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

संयोजकांनी विषय दिलाय, 'मुलीचं यश आणि आईचा अभिमान'. अभिमान मला आहे, भरपूर आहे, आणि तो झाकून ठेवायचा माझा अजिबात विचार नाही. लेकीला गाईडचा, म्हणजे स्काऊट-गाईड चळवळीतल्या मुलींच्या शाखेचा, राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, तेव्हा जेल रोडच्या नणंदेपासून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींपर्यंत मी सगळ्यांना सांगत सुटले होते. मावशींनी मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता विचारलं, "म्हणजे दिल्लीला नोकरी लागली का?" म्हटलं, नाही. "मग?"

हा 'मग?' मला त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारला. कोणी विचारलं, मार्क किती वाढतात? त्याचे नियम शाळेच्या कार्यालयात विचारा, मी त्यासाठी इथे उभी नाही. पण मावशींच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं. एवढी मिरवतेस ते नेमकं कशावर?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या पुरस्कारापर्यंत पायऱ्या आहेत: आधी प्रवेश, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, त्यावर राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार. एक पायरी चढली की दुसऱ्या दिवशी पुढची, असं चालत नाही. मधे ठरावीक महिने जावे लागतात, तेवढ्या काळात कामं करावी लागतात, नोंदवही भरावी लागते आणि शेवटी चाचणी शिबिरात अनोळखी परीक्षकांसमोर हातांनी करून दाखवावं लागतं. रात्रभर जागून पाठ केलं आणि सकाळी ओकलं, हा मार्ग बंद. नाशिकमध्ये ज्याचा क्लास निघालेला नाही अशी ही बहुधा शेवटची परीक्षा असेल. (हशा) इथे कोणी क्लासवाले बसले असतील तर कृपया हे ऐकलं नाही असं समजा.

मुलींचं सांगायचं तर त्यांना या चळवळीत कोणी बोलावलंच नव्हतं. स्काऊट चळवळ सुरू करणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं ते वीस मुलग्यांचं. दोन वर्षांनी, सप्टेंबर १९०९ मध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा मोठा मेळावा भरला, तेव्हा घरीच जमवलेला गणवेश घालून काही मुली तिथे हजर झाल्या. आम्हीही स्काऊट आहोत म्हणाल्या. त्यांना परत पाठवणं काही जमलं नाही. १९१० मध्ये मुलींची वेगळी संघटना निघाली आणि लगेच १९११ मध्ये जबलपूरला आपल्याकडचं पहिलं गाईड पथक उभं राहिलं. क्रिस्टल पॅलेसला गेलेल्या त्या पोरींच्या आयांना तेव्हा काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. अभिमान नंतर वाटला असेल. आधी बहुतेक रागच आला असेल.

या पद्धतीचा गाभा आहे संघ. सहा-आठ मुलींचा एक संघ, गाईडमध्ये त्याला फुलाचं नाव, आणि त्यांची नायिका त्यांच्यातलीच एक. मोठी माणसं बाजूला. कॅप्टन बाई, म्हणजे पथकाच्या प्रमुख बाई, असतात, पण त्यासुद्धा नायिकेला सांगतात आणि नायिका संघाला सांगते. म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलीवर सात जणींचं जेवण, तंबू आणि भांडणं एवढी जबाबदारी. यात आई-बाबांना कुठे जागा आहे? नाहीच. शोधून बघा.

आणि आपल्याला तेच सोसत नाही. खरी कमाईचंच बघा. मुलांनी स्वतःच्या अंगमेहनतीने चार पैसे मिळवावेत, असा हा उपक्रम. ब्रिटनमध्ये १९४९ पासून स्काऊट मुलं आठवडाभर घरोघर जायची, कुणाची बाग झाडायची, कुणाचे बूट पुसायची आणि एका कामाचा एक शिलिंग घ्यायची. आपल्याकडे काय झालंय? शाळेच्या पटांगणात स्टॉल. भेळेची चटणी आईने वाटलेली, चुरमुरे-फरसाण बाबांनी मेनरोडवरून आणलेले, सुटे पैसे आजोबांनी बँकेतून आणून दिलेले, आणि गिऱ्हाईक कोण? तर मावशी, काका आणि शेजारचे. मूल टोपी घालून टेबलामागे उभं असतं, तेवढंच. संध्याकाळी फोटो टाकायचा, 'आमच्या लेकराची पहिली कमाई'. अहो, ती तुमची कमाई आहे! चटणी छान होती, ते मी नाकारत नाही.

आमच्या लेकीच्या कॅप्टन बाईंनी स्टॉलला सरळ नकार दिला. काम करा आणि पैसे घ्या, म्हणाल्या. या मुली सोसायट्यांमधून फिरल्या. कुणाचे पंखे पुसले, कुणाची रद्दी बांधली. एका आजोबांनी चष्म्याची हरवलेली डबी शोधून द्यायला सांगितली आणि त्याचे दहा रुपये दिले. एका घरी मात्र काम करून घेतलं आणि पैसे द्यायला टाळाटाळ केली. माझी मुलगी पुन्हा त्या दाराशी गेली आणि म्हणाली, "काकू, नीट झालं नसेल तर परत करते, पण झालं असेल तर पैसे द्या." हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. घरी साधं मीठ वाढायला सांगितलं तर ऐकू न येणारी ही मुलगी!

आता नदीची गोष्ट सांगते, कारण मावशींच्या 'मग?'ला माझ्याकडे असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर तेच आहे. सोमेश्वरच्या पुढे गोदेच्या काठी आम्ही सहज फिरायला गेलो होतो. तिचे बाबा म्हणाले, पात्र किती रुंद असेल गं? मी म्हटलं, बघ मोबाईलवर. ही म्हणाली, थांबा. पलीकडच्या काठावरचं एक झाड तिने धरलं आणि त्याच्या अगदी समोर अलीकडे दगड ठेवला. मग काठाकाठाने चाळीस पावलं मोजत गेली आणि तिथे काठी रोवली. त्याच रेषेत आणखी वीस पावलं पुढे गेली. तिथून नदीकडे पाठ करून काटकोनात चालायला लागली. दर थोड्या वेळाने वळून बघायची. काठी आणि पलीकडचं झाड एका रेषेत दिसलं तिथे थांबली. नदीकडे पाठ करून जेवढी पावलं चालली, त्याची दुप्पट म्हणजे पात्राची रुंदी. समरूप त्रिकोण! नववीत मीही शिकले होते. सिद्धता लिहून पाच गुणही मिळवले होते. पण त्या त्रिकोणाने नदी मोजता येते हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

शिबिरातल्या बिनभांड्याच्या स्वयंपाकाचं मात्र आमच्या सासूबाईंना काहीच अप्रूप वाटलं नाही. मुलींनी पळसाच्या पानांवर कणीक मळली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजले, वांगी आत खुपसून भरीत केलं. त्यासाठी गुण होते. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही उभा जन्म शेतावर हेच केलं, आम्हाला कोणत्या राष्ट्रपतीने बोलावलं?" यावर घरात कुणाकडेच उत्तर नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी त्याच नातीला राखेत रोडगा कधी उलटायचा ते दाखवत बसल्या होत्या.

अमेरिकेत स्काऊटिंगचा सर्वोच्च दर्जा म्हणजे ईगल स्काऊट. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग ईगल स्काऊट होते. तिथे अठरावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत एकवीस प्रावीण्य पदकं मिळवावी लागतात आणि समाजासाठी एक मोठं काम स्वतः आखून, माणसं जमवून तडीस न्यावं लागतं. तिथल्या सोहळ्यात आईलाही एक छोटी पिन लावतात. हे कळलं तेव्हा मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू! मग वाटलं, मला पिन मिळाली असती तर ती कशाबद्दल? शिबिराला डबा घेऊन गेले नाही, नोंदवहीतली चित्रं काढून दिली नाहीत, भिजलेल्या तंबूतून तिला घरी आणलं नाही. न केलेल्या कामांची पिन. तशी असेल तर मात्र मला हवी आहे, कारण ती कामं न करणं फार अवघड गेलंय.

आता अवघड भाग. पुरस्कार मिळाला, प्रमाणपत्र फ्रेम झालं, आणि ते भिंतीवर लागल्यावर ही आम्हाला म्हणाली की २०२७च्या सिंहस्थात सेवेला जायचंय. आपल्याकडच्या बालवीर, म्हणजे स्काऊट, चळवळीला ही परंपरा आहेच. पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची जी पथकं उभी केली, त्यांचं मोठं काम मेळ्यांमधलंच. हरवलेली माणसं शोधायची, रांगा लावायच्या, पाणी द्यायचं. वाचायला छान वाटतं. पण आपण नाशिककर आहोत. २००३च्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली, ते आपल्यापैकी कोण विसरलंय? मी तिला हेच म्हटलं. ती म्हणाली, "आई, म्हणूनच तर लागतात ना माणसं, शिकलेली."

तिने संमतीचा कागद स्वतःच लिहून तयार ठेवलाय, आई-वडिलांच्या सह्यांसाठी जागा सोडून. माझी सही झाली आहे. तिच्या बाबांची अजून व्हायची आहे. ते मागच्या रांगेत, पंख्याखाली बसले आहेत. चहाच्या वेळी त्यांना गाठा आणि तुम्हाला काय वाटतं ते सांगा. दोन्ही बाजूंनी बोललात तरी चालेल, माझं त्यांच्याशी बोलून झालंय.

धन्यवाद.